वाचकांचे प्रश्न : रिकाम्या काचेच्या बाटल्यांचे करायचे काय?

रिकाम्या बाटल्या आणि फुटकी काच यांविषयी सांगली व सातारा जिल्ह्यांतून आलेल्या प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत. काही पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत विचारलेली होती, ती एकत्र केली आहे.

प्रश्न (पलूस, जि. सांगली) : आमच्या भागात वाईनरी आहेत, शिवाय हॉटेले, परमिट रूम आणि मंगल कार्यालयेही आहेत. बिअरच्या बाटल्या भंगारवाला घेऊन जातो, पण वाईनच्या बाटल्या आणि फुटकी काच तो फुकटही उचलत नाही. आम्ही काही मंडळी मिळून नफा न घेणारी संस्था काढून ही काच गोळा करावी म्हणतो. सुरुवात कशी करावी?

उत्तर : भंगारवाला वाईनची बाटली का नाकारतो, हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या संस्थेचा सगळा हिशेब त्याच कारणांवर उभा राहणार आहे. बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली ठरावीक मापाची असते आणि ती धुऊन पुन्हा भरली जाते, म्हणून अख्खी असेपर्यंत तिला नगावर भाव मिळतो. वाईनच्या बाटलीला हे भाग्य नाही. तिचे आकार वेगवेगळे, लेबलचा गोंद चिवट, आणि पुन्हा भरण्याची व्यवस्था जवळपास नाहीच. त्यामुळे ती रिकामी झाली की वजनावर विकायची भंगार काच एवढीच तिची किंमत उरते. ७५० मिलिलिटरची रिकामी बाटली साधारण अर्ध्या किलोची असते, म्हणजे एक टन भरायला दोन हजारांच्या आसपास बाटल्या लागतात. ती काच वितळवणारे मोठे कारखाने गुजरातेत भरूच परिसरात किंवा उत्तर प्रदेशात फिरोजाबादला. भरूचच आपल्यापासून सहाशे किलोमीटरहून दूर आहे. वजन जास्त, भाव कमी आणि अंतर लांब अशा मालाला छोटा भंगारवाला हात लावत नाही, यात त्याचा दोष नाही.

आता काच नेमकी कुठे साठते ते पाहू. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. नाशिक जिल्ह्यातील विंचूर आणि आपले पलूस या दोन ठिकाणी वाईन पार्क उभे राहिले, त्यामुळे वाईनरी म्हटले की लोकांना वाटते, बाटल्यांचे ढीग तिथेच असणार. प्रत्यक्षात वाईनरीत उरणारी काच मर्यादित असते. भरताना फुटलेल्या बाटल्या, नापास ठरलेला माल आणि चव घेण्याच्या दालनातील रिकाम्या बाटल्या, इतकेच तिथे सापडते. बाकीचा सगळा माल गिऱ्हाइकाबरोबर बाहेर जातो आणि हॉटेलात, परमिट रूममध्ये, शेतावरच्या घरांत, समारंभांत रिकामा होतो. म्हणून वाईनरीला सोबत जरूर घ्यावे, पण गाडीचा मार्ग हॉटेले आणि कार्यालये यांच्याभोवती आखावा. लोणची, सॉस, सिरप, मध आणि जॅम यांच्या बरण्याही याच काचेच्या असतात. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतून त्या चांगल्या संख्येने मिळतात.

गाडी घेण्याआधी महिनाभर फक्त वजन करावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. प्रत्येक ठिकाणी तीन क्रेट ठेवावेत आणि आठवड्याला किती किलो पांढरी, किती हिरवी, किती तपकिरी काच जमते याची नोंद वहीत करावी. ही वही हाती असल्याशिवाय शेड किती मोठी लागेल, फेरी आठवड्याची ठेवावी की पंधरवड्याची, आणि दूरच्या कारखान्याला पाठवण्याइतका माल किती दिवसांनी जमेल, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. मोठे पिंप ठेवण्याचा मोह टाळावा. दोनशे लिटरच्या पिंपात अख्ख्या बाटल्या भरल्या तर ते साधारण पन्नास किलोचे होते आणि दोघांना उचलता येते, पण त्याच पिंपात फुटकी काच भरली तर वजन दोनशे किलोच्या घरात जाते आणि ते हलवताना कोणाची तरी पाठ जाते.

रंग वेगळे ठेवण्याबद्दल मी थोडे ताणून लिहितो, कारण बहुतेक संस्था इथेच कंटाळतात. हिरव्या काचेला रंग मुख्यतः क्रोमियमच्या ऑक्साइडमुळे येतो, तर तपकिरी रंग लोह, गंधक आणि कार्बन यांच्या मिश्रणामुळे. हे रंग वितळवताना निघून जात नाहीत. पांढऱ्या काचेत थोडी जरी हिरवी मिसळली तरी तयार होणारी बाटली मळकट दिसते आणि कारखाना पूर्ण गाडीचा भाव पाडतो किंवा गाडी परत लावतो. जमलेल्या ढिगातून रंग निवडण्यापेक्षा काच टाकणाऱ्याच्या हातूनच ते वेगळे होणे कितीतरी स्वस्त पडते. हॉटेलच्या पोऱ्याला पाच मिनिटे नीट समजावून सांगितले, तर शेडमधल्या दोन बायांचे दिवसभराचे काम वाचते.

काय घेऊ नये, हेही पहिल्याच दिवशी ठळक अक्षरांत लिहून लावावे. चिनी मातीच्या बश्या व कप, आरसे, खिडक्यांच्या काचा, ट्यूबलाइट, बल्ब, गाडीची काच आणि भट्टीत ठेवायची उष्णतारोधक भांडी यांपैकी काहीही घेऊ नये. बाटलीची काच सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते. चिनी माती, दगड किंवा उष्णतारोधक काच त्या तापमानाला नीट विरघळत नाही आणि भाकरीच्या पिठातल्या खड्यासारखी नव्या बाटलीत तशीच राहते. त्या जागी बाटली कमकुवत होते आणि भरताना किंवा गिऱ्हाइकाच्या हातात फुटते. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, त्यामुळे ती तर शेडच्या दारातही येऊ देऊ नये. अॅल्युमिनियमची झाकणे आणि गळ्यावरची पन्नी काढून घ्यावी. वितळलेल्या काचेत अॅल्युमिनियम गेले की सिलिकॉनचे कठीण मणी तयार होतात आणि तेही बाटलीला घातक असतात. कागदी लेबलाची मात्र फार काळजी करू नये, ते भट्टीत जळून जाते.

आणखी एक गोष्ट मद्याच्या बाटल्यांपुरती. लेबल शाबूत असलेल्या नामांकित कंपनीच्या अख्ख्या बाटल्या बनावट दारू भरणाऱ्यांच्या हाती पडू शकतात. म्हणून विदेशी मद्याच्या बाटल्या शेडमध्ये आल्या की त्याच दिवशी फोडाव्यात, आणि संस्थेने अशा अख्ख्या बाटल्या कोणत्याही अनोळखी खरेदीदाराला कधीही विकू नयेत. या बाबतीत एकदा नाव खराब झाले की ते पुन्हा मिळवता येत नाही.

प्रश्न (विटा, जि. सांगली) : काच इतक्या दूर ट्रकने पाठवायची, तर त्यात जळणाऱ्या डिझेलने पर्यावरणाचा सगळा फायदा पुसला जात नाही का? त्यापेक्षा ती इथेच खड्ड्यात टाकलेली बरी, असे आमच्याकडील एका गृहस्थांचे म्हणणे आहे.

उत्तर : शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर आकड्यांनीच द्यावे लागेल. कच्च्या मालापासून, म्हणजे वाळू, सोडा आणि चुनखडी यांपासून एक टन काच बनवताना नुसत्या सोड्यातून आणि चुनखडीतून सुमारे २०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीच्या इंधनाचा वायू यात धरलेला नाही. जुनी काच वितळवताना हा वायू निघत नाही, कारण तो पहिल्या वेळीच निघून गेलेला असतो. शिवाय मिश्रणात दर १० टक्के जुनी काच वाढली की भट्टीची ऊर्जा साधारण अडीच ते तीन टक्क्यांनी कमी लागते आणि एक टन जुनी काच सुमारे १.२ टन कच्चा माल वाचवते.

आता गाडीचे पाहू. १६ टन माल घेऊन साडेसहाशे किलोमीटर जाणारा ट्रक लिटरला साडेतीन किलोमीटर चालतो असे धरले, तर १८५ लिटरच्या आसपास डिझेल लागते. एका लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तेव्हा एकूण ५०० किलो, म्हणजे टनाला ३१ किलो होतो. गाडी रिकामी परत येते असे मानून हा आकडा दुप्पट केला, तरी तो ६२ वरच थांबतो. काच लांब पाठवण्यात पर्यावरण हरत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. हरतो तो पैशाचा हिशेब, आणि त्यावर उपाय शोधता येतो.

त्यांपैकी एक उपाय माझ्या मते फार महत्त्वाचा आहे. आपल्या भागातील वाईनरींकडे नव्या बाटल्या घेऊन ट्रक येतातच. ते ज्या कारखान्यांतून निघतात तिथेच भंगार काचही लागते. परतीच्या फेरीत तीच गाडी काच घेऊन गेली, तर भाडे बरेच खाली येते. यासाठी वाईनरीने बाटल्यांची मागणी नोंदवतानाच परतीच्या मालाची अट घालावी लागेल. हे पत्र संस्थेने लिहिण्यापेक्षा खरेदी करणाऱ्या वाईनरीने लिहिणे अधिक परिणामकारक ठरेल. दुसरा उपाय काच फोडून पाठवण्याचा. एका घनमीटर जागेत अख्ख्या बाटल्या जेमतेम पाव टन बसतात, तर फोडलेली काच टनाच्या आसपास बसते. अख्ख्या बाटल्यांनी मोठा ट्रक मापाने भरतो, पण वजनाने जवळपास निम्माच राहतो आणि भाडे मात्र पूर्ण ट्रकचे द्यावे लागते. लांबच्या वाटेसाठी फोडणे म्हणूनच अपरिहार्य आहे. फोडताना काच ओली करावी, डोळ्यांवर चष्मा, हातात न कापले जाणारे मोजे आणि पायांत बूट असल्याशिवाय कोणालाही यंत्राजवळ उभे करू नये.

खड्ड्यात टाकण्याबद्दल एवढेच सांगतो की काच कुजत नाही. आज पुरलेली बाटली उद्या नांगराला लागते किंवा जनावराच्या खुरात जाते.

प्रश्न (तासगाव, जि. सांगली) : हा सगळा खर्च कोणी करायचा? देणग्यांवर हे काम चालेल का? आणि संस्थेची नोंदणी कोणत्या प्रकारची करावी?

उत्तर : देणग्यांवर शेड उभी राहते, वजनकाटा येतो, काच फोडण्याचे यंत्र येते. दर आठवड्याची गाडी मात्र देणग्यांवर चालत नाही, चालवूही नये. जो काचेच्या बाटलीत माल विकून कमावतो, त्याने ती बाटली परत आणण्याचा खर्च उचलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फुकट सेवा म्हणून काम सुरू करणाऱ्या संस्थांना वाटते की पुढे मागे काचेच्या विक्रीतून खर्च निघेल. तो निघत नाही, आणि तोवर हॉटेलमालकांना फुकटाची सवय लागलेली असते. पहिल्या दिवसापासून थोडे का होईना शुल्क घ्यावे आणि त्याची पावती द्यावी.

हिशेब असा मांडावा. समजा, गोळा करण्यापासून कारखान्याच्या दारापर्यंत किलोला आठ रुपये खर्च आला आणि विक्रीतून तीन रुपये मिळाले. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, आपले आकडे वहीतून काढावेत. तूट किलोला पाच रुपये, म्हणजे अर्ध्या किलोच्या बाटलीमागे अडीच रुपये. वाईनची एक बाटली कित्येक शेकडा रुपयांना विकली जाते. तिच्या मागे अडीच रुपये ठेवणे वाईनरीला किंवा हॉटेलला जड जाईल, हे मला पटत नाही. सभेत ‘टनाला पाच हजारांची तूट’ असे सांगितले की माणसे दचकतात, तर ‘बाटलीमागे अडीच रुपये’ म्हटले की विचार करू लागतात. दोन्ही आकडे खरेच आहेत, पण निर्णय बाटलीच्या हिशेबाने घ्यावा, कारण विक्रीही बाटलीच्याच हिशेबाने होते.

कायद्याची दिशाही हीच आहे. कागद, काच आणि धातूच्या वेष्टनांची जबाबदारी उत्पादकावर टाकणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला होता. प्लास्टिकच्या बाबतीत अशी जबाबदारी आधीपासून आहे. त्यामुळे संस्थेने वजनाच्या नोंदी, विक्रीच्या पावत्या आणि गाडीचे कागद पहिल्या किलोपासून नीट ठेवावेत. उत्पादकांना उद्या पुरावा दाखवावा लागला, तर तो आपल्याच दप्तरातून मिळेल आणि त्याचे मोलही मागता येईल.

नोंदणीबद्दल थोडक्यात सांगतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासदांची संस्था नोंदवता येते आणि महाराष्ट्रात तिची नोंद सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही होते. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ खालची कंपनी हा दुसरा मार्ग आहे. त्यात शिस्त अधिक आणि कागदपत्रेही अधिक. नफा न घेणारी संस्था म्हणजे काच विकू न शकणारी किंवा पगार न देणारी संस्था, असा समज अनेक पत्रांत दिसला. तो चुकीचा आहे. संस्था माल विकू शकते, कामगारांना रास्त पगार देऊ शकते. तिला शिल्लक सभासदांत वाटता येत नाही, ती त्याच कामात घालावी लागते, एवढाच फरक आहे. आपला भाग सहकाराचा आहे, म्हणून सहकारी संस्थेचाही विचार अनेकांच्या मनात येईल. काच वेचणाऱ्यांनाच सभासद करून घ्यायचे असेल, तर तो विचार उत्तम आहे. त्याविषयी पुढील उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न (सांगली) : माझी आई भंगार वेचते. बाटल्या हाच तिच्या मिळकतीचा मोठा भाग आहे. शिकलेल्या लोकांच्या संस्था आल्या की हॉटेलवाले सगळा माल त्यांना देतील आणि आमच्या घरातला पैसा जाईल, अशी तिला भीती वाटते. याचा कोणी विचार करतो का?

उत्तर : आपल्या आईची भीती खरी आहे आणि या अंकातील सर्व प्रश्नांत तिला मी पहिले स्थान देतो. काच परत कारखान्यात जाते, याचे श्रेय आजवर कोणत्याही संस्थेचे नाही. ते उन्हातान्हात पोते घेऊन फिरणाऱ्या बायांचे आणि भंगार दुकानदारांचे आहे. पुण्यात १९९३ मध्ये अशाच कष्टकऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिच्या नावातच काच आहे. त्या संघटनेतून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि पुणे महापालिकेबरोबर घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम तिने केले. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनीही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली.

नव्या संस्थांना माझे सांगणे आहे की बिअरच्या अख्ख्या बाटल्यांना त्यांनी हात लावू नये. त्या मालाची साखळी चालू आहे, त्यावर घरे चालतात, आणि धुऊन पुन्हा भरलेली बाटली ही वितळवलेल्या बाटलीपेक्षा पर्यावरणालाही चांगली. संस्थेने भंगारवाला नाकारतो ती काच उचलावी, म्हणजे वाईनच्या बाटल्या, सॉसच्या बरण्या आणि फुटका माल. तीही विकत घ्यावी, वजन करून, रोख पैसे देऊन, संस्थेच्या शेडवर. आज आपल्या आईला ज्या बाटल्या उचलून काही मिळत नाही, त्यांना उद्या किलोला रुपया-दोन रुपये मिळाले, तर तिची मिळकत वाढेल. निवड आणि फोडण्याच्या कामावर याच बायांना आधी घ्यावे, ओळखपत्र द्यावे, हातमोजे आणि बूट संस्थेच्या खर्चाने द्यावेत, आणि कार्यकारिणीत त्यांच्यातील किमान दोघींना जागा ठेवावी. हिरवी आणि तपकिरी काच त्या हात लावताच ओळखतात, कोणत्या हॉटेलात कोणत्या वारी माल पडतो हे त्यांना तोंडपाठ असते. हे ज्ञान नसलेली संस्था पहिल्याच पावसाळ्यात बंद पडेल.

आपल्या आईला एक विनंती सांगावी. अशी संस्था आपल्या भागात सुरू होत असेल, तर पहिल्या बैठकीला तिने आणि तिच्या मैत्रिणींनी स्वतः जावे. कोणी बोलावण्याची वाट पाहू नये.

प्रश्न (पाचगणी, जि. सातारा) : महाबळेश्वर-पाचगणीला हंगामात पर्यटकांकडून रिकाम्या बाटल्या दरीच्या कडेला, जंगलात फेकल्या जातात. हॉटेलांची काच तरी गोळा होईल, पण या बाटल्यांचे काय करावे?

उत्तर : फेकलेली बाटली उचलण्यापेक्षा ती फेकावीशी वाटणार नाही अशी व्यवस्था करणे शहाणपणाचे आहे. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये सरकारी मद्यदुकानांनी प्रत्येक बाटलीवर दहा रुपये जादा घेऊन रिकामी बाटली परत आणणाऱ्याला ते परत देण्याची पद्धत सुरू केली. ती पुढे त्या राज्यात इतर जिल्ह्यांतही गेली. फुटलेल्या बाटल्यांमुळे हत्ती आणि इतर वन्य प्राणी जखमी होतात, हे त्यामागचे मोठे कारण होते. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात तर अनामतीचा असा कायदा १९७१ पासून आहे. महाबळेश्वर-पाचगणी हा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. त्यामुळे निलगिरीसारखी पद्धत महाराष्ट्रात कुठे आधी लागू व्हावी असा प्रश्न आला, तर मी इथलेच नाव घेईन. आपल्याकडे मद्यविक्री खासगी परवानाधारकांमार्फत होते, तमिळनाडूप्रमाणे सरकारी दुकानांतून नाही. म्हणून हे शासनाच्या आदेशाशिवाय सर्वत्र होणार नाही. पण परवानाधारक, हॉटेल संघटना आणि नगरपरिषद एकत्र बसून आपल्यापुरती सुरुवात करू शकतात. बाटली परत आणणाऱ्यास पैसे मिळतात हे एकदा पसरले, की पर्यटकाने फेकलेली बाटलीही कोणीतरी उचलून आणतो.

हॉटेलांच्या काचेसाठी वाईला खाली एक शेड असावी. घाटातून रोज छोट्या गाड्या माल घेऊन वर येतातच, त्या परतीला बहुधा रिकाम्या असतात. त्यांच्यावर क्रेट चढवणे स्वतंत्र गाडी घालण्यापेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न (कऱ्हाड, जि. सातारा) : आमच्या ओगलेवाडीत एके काळी काचेचा कारखाना होता, तिथला प्रभाकर कंदील घरोघरी होता. मग आज काच गुजरातला का पाठवायची? इथेच छोटी भट्टी घालता येणार नाही का?

उत्तर : ओगले बंधूंच्या कारखान्याचा अभिमान आम्हालाही आहे. त्याच काळात तळेगाव दाभाडे येथे लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण आजची बाटल्यांची भट्टी रात्रंदिवस, सण-सुट्टी न पाळता, दहा-दहा वर्षे पेटती ठेवावी लागते. ती विझवली तर आतली काच घट्ट होऊन भट्टीच निकामी होते. इतक्या मोठ्या भट्टीची भूक दोन जिल्ह्यांतील भंगार काच भागवू शकणार नाही. शोभेच्या वस्तू, दिव्यांच्या काचा, मणी यांसाठी लहान भट्टी जरूर चालू शकते, पण तिच्यात खपणारी काच फार थोडी असते. ती कारागिरी म्हणून करावी, काचेच्या ढिगावरचा उपाय म्हणून करू नये.

प्रश्न (सांगली, बांधकाम शाखेचे विद्यार्थी) : फुटकी काच वाळूऐवजी पेव्हिंग ब्लॉकमध्ये वापरता येते असे वाचले. हे सुरक्षित आहे का?

उत्तर : काळजी घेतली तर आहे. काचेतील सिलिका आणि सिमेंटमधील अल्कली यांची ओलाव्यात अभिक्रिया होते, त्यातून फुगणारा पदार्थ तयार होतो आणि काही काळाने काँक्रीटला तडे जातात. काचेचे कण जाड असतील तर हा धोका जास्त. काच अगदी बारीक, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या खाली दळली, तर उलट ती सिमेंटला पूरक ठरते. फ्लाय अॅश, म्हणजे वीजकेंद्रातील कोळशाची बारीक राख, मिसळल्यानेही फुगणे आटोक्यात येते. तुमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मिश्रणाची प्रसरणाची चाचणी घेतल्याशिवाय एकही ब्लॉक रस्त्यावर बसवू नये. रंग मिसळलेली, कारखाना नाकारतो ती काच या कामासाठी योग्य आहे. निवडलेली स्वच्छ काच यात घालू नये, कारण तिची बाटली पुन्हा पुन्हा होऊ शकते आणि ब्लॉकची बाटली कधीच होत नाही.

प्रश्न (मिरज, जि. सांगली) : मिरजेत दवाखाने पुष्कळ. इंजेक्शनच्या कुप्या आणि औषधांच्या बाटल्या संस्थेने घ्याव्यात का?

उत्तर : घेऊ नयेत. दवाखान्यातील कुप्या आणि फुटकी काच जैववैद्यकीय कचऱ्यात मोडते. २०१६ च्या नियमांनुसार ती निळ्या खुणेच्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात ठेवून अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच द्यावी लागते. एखाद्या दवाखान्याने ‘स्वच्छ धुऊन देतो’ असे सांगितले तरीही नकार द्यावा, आणि शेडमध्ये अशी एक जरी कुपी सापडली तरी त्या ठिकाणची गाडी त्याच दिवशी थांबवावी. कामगार बाईच्या बोटाला लागणारी सुई कोणत्याही वजनात भरून निघत नाही.

प्रश्न (सांगलीवाडी) : आमच्याकडे नदीकाठची जुनी जागा स्वस्तात मिळते आहे. काच भिजून खराब होत नाही, मग शेडसाठी ती घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये. कृष्णेचा २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर ज्या जागेत शिरला, तिथे कितीही स्वस्त असले तरी काचेची शेड नको. काच भिजत नाही हे खरे, पण पुराबरोबर वाहून गेलेली फुटकी काच मळ्यांत आणि घाटांवर पसरते आणि ती वेचायला कोणी येत नाही. कुपवाड किंवा मिरजेकडील उंचावरची औद्योगिक जागा भाड्याने घ्यावी. पावसाळ्यात उघड्यावर बाटल्या ठेवाव्या लागल्या, तर त्या क्रेटमध्ये उपड्या ठेवाव्यात. सरळ ठेवलेल्या बाटलीत पाणी साठून डेंग्यूचा डास वाढतो, आणि आरोग्य विभागाची पहिली नोटीस संस्थेला बहुधा त्याच कारणासाठी येते. पुठ्ठ्याची खोकी मात्र आत, कोरड्यात ठेवावीत. ती भिजली की उचलताना तळातून बाटल्या निसटतात.